दुसऱ्या दिवशीचं उत्तर

सौंसर,
सोमवार, २१ ऑक्टोबर १९८५

प्रिय छाये,

जयभीम. आधी मला हे सांग, सौंसर नावाचं एक गाव आहे, ते तुला आठवतं का? नागपूरहून बसमध्ये बसलं की दोन तासांत येतं. तिथे एक घर आहे, त्यात तुझे आईबाबा राहतात आणि कोपऱ्यातल्या बाजेवर एक म्हातारी बसलेली असते. लोक तिला तुझी आजी म्हणतात. नसेल आठवत तर खूण सांगते. मे महिन्यात तू इथून चिवड्याचा डबा घेऊन गेलीस आणि झाकण इथेच विसरलीस. पाच महिने झाले, ते झाकण चुलीजवळच्या फळीवर बसून आहे. मी त्याच्याकडे पाहते, ते माझ्याकडे पाहतं. एम. ए. शिकून राहिलेली पोरगी बिनझाकणाचा डबा मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत गेली, हे मी अजून गल्लीत कोणाला सांगितलं नाही. म्हणजे, चार-पाच घरांतच सांगितलं.

हे तुझी आई लिहून राहिली आहे. मी एक सांगते, ती दुसरं लिहिते. सुरुवातीला तिने आपल्या मनानेच ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. क्षेम कुठे आहे? माझे गुडघे दुखून राहिले, तुझ्या बाबांचं पोट बिघडलं आणि शेजारची शेळी आपली तुरीची रोपं खाऊन गेली. आई सकाळपासून अंगणात मुंगाच्या वड्या घालत होती, आताच हात धुऊन बसली. तिचं माप तुला माहीत आहे, वड्या ती माणसागणिक मुठींनी ठेवते. तुझ्या बाबांच्या चार मुठी, तुझ्या तीन, तिच्या स्वतःच्या दोन, माझी एक. म्हातारीला किती लागतं, म्हणे. हे वाक्य लिहिताना ती हसली, पण लिहिलं.

तुझा तो छापील कागद मिळाला. माणूस माणसाकडे काहून ओढला जातो, यावर तुझे सर अभ्यास करून राहिले आहेत हे वाचून बरं वाटलं. कोणाला तरी फुरसत आहे. आईने एकेक प्रश्न वाचला. पती पहिल्यांदा केव्हा आवडले? रूप, स्वभाव, शिक्षण, घर जवळ असणे, आवडीनिवडी सारख्या असणे, यांपैकी कशामुळे? एक ते पाच अंक द्या. अगं बाई, माझं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होती. तुझ्या आजोबांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते बोरगावला सासरी आल्यावर चौथ्या दिवशी. ते बैलाच्या कानातली गोचीड काढत होते आणि गोचीड घट्ट बसली होती म्हणून त्यांची जीभ आपोआप बाहेर आली होती. मला इतकं हसू आलं की हातातली घागर कलंडली. आता हे रूपात धरायचं की स्वभावात, ते तुझ्या सरांना विचार.

मोतीराम चांगला माणूस होता. हात उचलला नाही, दारू प्यायला नाही, मला कधी काही विचारलंही नाही. जेवताना मात्र मचमच आवाज करायचा, शेजारच्या घरी ऐकू जाईल असा. चाळीस वर्षं मी त्या आवाजाला नावं ठेवली. तो गेला तेव्हा महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही, कारण जेवताना घर फार गप्प असायचं. तर अंक तीन लिही, असं मी आईला सांगितलं. तिने चार लिहिले. गेलेल्या माणसाला कमी देऊ नये, म्हणे. तिने स्वतःचा कागद माझ्याकडे पाठ करून, वर हाताचा आडोसा धरून भरला. मला वाचता येत नाही हे ती चोवीस वर्षांत विसरून गेली.

उद्या मी पांढुर्ण्याला सुशीलाकडे, तुझ्या मावशीआजीकडे, जाऊन राहिली आहे. डोळे दाखवायचे आहेत. दोन-तीन दिवसांत परत येईन. आईचा हात दुखायला लागला, म्हणून इथे थांबते. पत्र उद्या जाताना मीच डब्यात टाकीन, असं तिला सांगितलं आहे.

*

मंगळवार. आता अक्षर बदललेलं दिसेल, घाबरू नको. तुझी आई ठणठणीत आहे. मी सौंसरच्या बसस्टँडवर बसली आहे आणि हे भाऊराव लिहून राहिले आहेत. तहसिलीबाहेर लोकांचे अर्ज लिहितात, आज तिथे गर्दी नाही म्हणून इकडे चहाला आले. त्यांची सवय अशी की काहीही सांगा, त्याचा अर्जच होतो. आताच मी ‘एका माणसाबद्दल सांगायचं आहे’ म्हटलं, तर हे म्हणतात, ‘सदर इसम’ लिहितो. मी म्हटलं, अहो भाऊराव, तो काय कोणाची गाय घेऊन पळाला आहे? पण राहू दे. नाव मला तसंही सांगायचं नाही. भाऊरावांचं तोंड तहसिलीपेक्षा मोठं आहे. हेही लिहा, भाऊराव, मी ऐकून आहे.

छाये, तुझ्या कागदावर सातवा प्रश्न होता. पतीखेरीज कोणाचा सहवास तुम्हाला हवासा वाटला का, वाटला असल्यास का? तुझ्या आईने तो वाचला आणि मला न विचारता उत्तर लिहून टाकलं. मला अक्षर कळत नाही, पण पेन किती हललं ते दिसतं. एवढंसंच हललं. ‘नाही’ लिहायला एवढीशीच जागा लागत असेल. पण तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकून नाही राहिलं. डोळे दाखवायचं मी तेव्हाच काढलं.

तुला माहीत आहे, संत्र्याचा बहार निघाला की मी सुशीलाकडे राहून पांढुर्ण्याच्या मंडीत पेट्या भरायला जाते. तुझ्या बाबांना ते आवडत नाही. बाप गेल्यावर आईला काम करावं लागलं असं लोक म्हणतील, म्हणतात. पण मला घरात बसवत नाही. आम्ही चाळीसेक बाया फळं निवडतो, पेटीत तणीस अंथरतो, फळं रचतो. मग सदर इसम झाकणाच्या फळ्या ठोकतो आणि काळ्या रंगात कुंचला बुडवून वर व्यापाऱ्याचा मार्का आणि गावाचं नाव लिहितो. दिल्ली, कानपूर, कलकत्ता. आमच्यापैकी कोणी यातलं एकही गाव पाहिलं नाही.

मी माणसाला चिडवल्याशिवाय ओळख करून घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. चिडवलं की लोक एक तर हसतात नाही तर फुगतात. तीन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, अजी, तुम्ही खिळा ठोकता की त्याची समजूत काढता? इतका हळू हातोडा मी पाहिला नव्हता. सगळ्या बाया हसल्या. हा ना हसला, ना फुगला. मला वाटलं, ठोकून ठोकून कान गेले बिचाऱ्याचे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो हातोडा ठेवून उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि एखादी साक्ष द्यावी तसा म्हणाला, समजूत काढलेला खिळा वाकत नाही, बाई. आणि परत जाऊन बसला.

रात्रभर विचार करून आणलं होतं, छाये! मग मी रोज एक टोमणा टाकायची आणि दुसऱ्या दिवशी चहाला त्याचं उत्तर यायचं. एकदा रविवार आडवा आला, तर सोमवारी दोन उत्तरं घेऊन आला. पहिलं बरोबर नव्हतं, म्हणे. त्याचे कान सुपासारखे आहेत, म्हणून रूपाला अंक नाही. तिखट खात नाही, भाजीत मिरची दिसली तर बाजूला काढतो, म्हणून सारख्या आवडीला अंक नाही. आणि जवळ तर चाळीस बाया बसल्या होत्या. तरी मी सकाळी सुशीलाच्या आधी तयार होऊन दारात उभी राहायची. सुशीला म्हणायची, मंजुळे, मंडी पळून जाऊन राहिली का? आता तूच सांग, साठी उलटलेल्या बाईला उद्याची वाट पाहायला कोण लावतं? डॉक्टर.

मार्चमध्ये शेवटच्या पेट्या भरल्या, त्या दिवशी माझ्या तोंडून एक निघून गेलं. मी म्हटलं, तुमच्या पेट्या दिल्लीपर्यंत जातात, तुम्ही कधी सौंसरपर्यंत तरी येता का? थट्टाच होती. पण बोलून झाल्यावर माझेच कान गरम झाले. तो कुंचला हातात धरून तसाच उभा राहिला, रंगाचे थेंब पायावर पडले. आणि दुसऱ्या दिवशी काम नव्हतं. बहार संपला होता. मी सौंसरला आली. उत्तर राहून गेलं.

सात महिने झाले. आता नवा बहार सुरू झाला आणि मंडीतून आलेली एक बाई सहज बोलली की यंदा झाकणं दुसराच कोणी ठोकून राहिला आहे. मी तिला पुढे विचारलं नाही. विचारलं की उत्तर आपल्याला कळतं आणि प्रश्न लोकांना कळतो. तेव्हापासून भाजी करपते, पाण्याचा नळ सुरू राहतो. माणूस आजारी आहे, गावाला गेला की पार गेलाच, काय समजायचं? आज सकाळपासून इथे बसून दोन बसा सोडल्या मी. एक भरलेली होती. दुसरी रिकामी होती. या बाकावरून त्या बाकावर बसली, तिथून परत इथे.

भाऊराव मध्येच आपलं काहीतरी सांगून राहिले. उन्हाळ्यात म्हणे तीनदा एक म्हातारा याच बाकावर येऊन बसायचा. काखेत लाकडाची एक घासलेली छोटी पेटी. चहा घ्यायचा, गावाकडे तोंड करून बसायचा आणि परतीच्या बसने निघून जायचा. यांना वाटलं पेट्या विकतो. विचारलं, कोणाकडे जायचं आहे, तर म्हणे, अजून ठरलं नाही. मी म्हटलं, भाऊराव, मी सांगते तेवढंच

पेन ठेवा. पांढुर्ण्याची बस लागली.

*

पांढुर्णा, गुरुवार.

हे तिसरं अक्षर. एका पानावर आठ-दहा ओळीच बसतात, कारण या अक्षराला पेटीवर लिहायची सवय आहे. आता तू समजली असशील. नाव शालिकराम. त्याला ताकीद दिली आहे की मी सांगेन ते लिहायचं, स्वतःची निंदा असली तरी. आतापर्यंत दोनदा पेन थांबलं.

बुधवारी मी मंडीत गेली. दुसराच माणूस धाडधाड खिळे ठोकत होता, अर्धे वाकडे. मी चाळीस बायांसमोर उभी राहून नाव घेऊन विचारलं, शालिकराम कुठे आहेत? सगळ्या हातांतली फळं जागच्या जागी राहिली. मग एक म्हणाली, त्यांचे हात कापतात आता, हातोडा खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसायला लागला, म्हणून काम सोडलं, रेल्वे फाटकाच्या पलीकडे घर आहे. दुसरी म्हणाली, मंजुळाबाई, तिकडे तुमचं काय काम? मी म्हटलं, त्यांच्याकडे माझी एक वस्तू राहिली आहे.

फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, संपता संपेना. मी इतकी उतावीळ कधी झाली नव्हती, तुझे बाबा पोटात नऊ महिने झाले तेव्हाही नाही. पलीकडे गेली तर हा आपल्या दारात बसून एक फळी घासून राहिला होता. मला पाहून उठला. बसा म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही, इतक्या महिन्यांनी कशा आल्या हेही नाही. हातातली फळी खाली ठेवली आणि साक्ष दिल्यासारखा म्हणाला, पेटीवर गावाचं नाव लिहिलेलं असतं, मंजुळाबाई. माझ्यावर कोणी लिहिलंच नाही.

सात महिने तोंडात धरून ठेवलं होतं ते. मला हसायला पाहिजे होतं. पण मी तिथे मातीतच बसली.

घरात कोनाड्यात ती छोटी पेटी होती. आमच्या मंडीच्याच फळ्यांची, पण अशी घासलेली की हात फिरवला तर कुठे टोचत नाही. सौंसरच्या स्टँडपर्यंत तीनदा घेऊन आला होता, शहाणा. मी म्हटलं, स्टँडवर मंजुळाबाई कुठे राहते असं विचारलं असतं तर कुत्र्यानेही घर दाखवलं असतं! त्यावर हा परत फळी घासायला लागला. मी समजली, उत्तर उद्या. आज सकाळी सुशीलाच्या दाराशी आला आणि म्हणाला, विचारलं असतं तर मला घर कळलं असतं, पण लोकांना प्रश्न कळला असता.

छाये, भाऊरावांनी लिहिलेली पानं तेव्हा माझ्या पिशवीत घडी करून होती. याने ती पाहिलेली नाहीत. तुझ्या सरांना सांग, सारखेपणाला मी अंक दिला नव्हता, तो आता द्यायचा आहे. किती, ते मी लिहिणाऱ्यासमोर सांगणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. डोळे माझे चांगले आहेत. मी परत येणार नाही. बहारभर सुशीलाकडे राहीन आणि नंतर फाटकापलीकडे. विहारात जाऊन दोन हार घालायचे की नुसतं समोरासमोर बसून चहा प्यायचा, ते अजून ठरलं नाही, मी विचारलं आहे, उद्या कळेल. ही गोष्ट मी घरी सांगू शकली नाही आणि घरच्या पत्त्यावर लिहवून पाठवू शकत नाही, कारण पत्र आलं की तुझे बाबा दारातच उभे राहून मोठ्याने वाचतात. त्यांना राग आला तर मला चालेल. पण ते लहानपणापासून रागावले की गप्प होतात आणि त्यांचं गप्प राहणं मला सोसत नाही. मी परतली नाही म्हणून सोमवारी-मंगळवारी ते इथे आले, काही न बोलता माझी पिशवी उचलून चालायला लागले, तर मी मागे मागे जाईनही, माझा भरवसा नाही. म्हणून ते निघायच्या आत तू रविवारी घरी जा. तू शिकलेली आहेस, हा तुझा विषय आहे. तिन्ही अक्षरं त्यांना ओळीने वाचून दाखव. पहिलं अक्षर ऐकताना तुझ्या आईला हसू येईल, ते तिचंच आहे, तिथे जरा थांब. मग याच पाकिटात घातलेल्या माझ्या कागदावरचा तो सातवा प्रश्न काढ आणि तिने लिहिलेलं खोड, पण तिच्यावर चिडू नको. लोक म्हणतील सुनेने जेवायला दिलं नाही म्हणून सासू गेली. आईला माझ्या शब्दांत सांग, की असं कोणी म्हणालं तर मी सौंसरला येऊन चौकात उभी राहून भांडीन. बाबांना सांग, मोतीरामचे चार अंक मी कमी केलेले नाहीत. त्यांनी लगेच काही बोलायला पाहिजे असं नाही. मला आता दुसऱ्या दिवशीच्या उत्तराची सवय आहे. नागपूरहून जाताना तो बिनझाकणाचा डबा सोबत ने, झाकण मी येताना पिशवीत टाकून आणलं आहे. डबा आईपुढे ठेव आणि यंदाच्या मुंगाच्या वड्या मागून घे. मिरची कमी असलेल्या बघून घे, आणि फुटक्या चालतील, शिजल्या की मऊ होतात, इथे लिहिणाऱ्याला वरच्या बाजूला दोनच दात आहेत. पण आई मूठ भरायला लागली की काही बोलू नको, नुसती पाहत राहा. माझ्या नावाच्या तिने दोन मुठी टाकल्या, तर डबा लगेच पाठवून दे.

तुझीच,
मंजुळा आजी